प्राणवायूच्या वाटेवरील झडपा

देणगीदारांचे नाव यंत्रावर कोरता येते, झडपेवर येत नाही. तथापि रुग्णाच्या खाटेपर्यंत प्राणवायू पोहोचतो तो झडपांच्याच भरवशावर. दि. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथील एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब खालावला व किमान २२ रुग्ण दगावले. म्हणून देखभाल-खर्चातील या बाबीचा हा अल्प खुलासा.

टाकीतील द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. एका लिटरचा सुमारे ८५० लिटर वायू होतो. दोन बंद झडपांमध्ये द्रव अडकून तापल्यास नळी फुटू शकते. यास्तव तेथे स्प्रिंगची सेफ्टी व्हॉल्व्ह असते. दाब मर्यादेबाहेर जाताच ती आपोआप उघडते. कारखान्यातील बॉयलरवरही हीच योजना. टाकी व राखीव सिलिंडर यांच्या मार्गांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वायूस मागे फिरू देत नाही. पाण्याच्या नळावरील गेट व्हॉल्व्हविषयी एवढेच, की ती अर्धवट उघडी ठेवू नये.

वॉर्डाबाहेरील पेटीत बॉल व्हॉल्व्ह असते. दांडा नळीला समांतर असता पुरवठा चालू. पाव फेरा देताच बंद. आग लागल्यास त्या विभागापुरता प्राणवायू तोडता येतो, मात्र तेथील रुग्णांना आधी सिलिंडरवर घेऊन. प्राणवायूच्या झडपेस तेल वा ग्रीस सर्वथा वर्ज्य आहे. दाबाखाली ते पेट घेते.

नातेवाईकांनी या पेटीसमोर सामान ठेवू नये, ही नम्र विनंती.