धडधाकट घोड्याची रक्ततपासणी कशासाठी?

मुलांनो, आपल्या वर्गातली काहीजण शनिवारी मराठी आणि रविवारी घोडेस्वारी शिकतात. तबेल्यात नवा घोडा आला की आधी त्याच्या रक्ततपासणीचा कागद मागतात. घोडा तर चांगला उड्या मारतो आहे, मग हा खटाटोप कशाला, असे तुमच्यापैकी काहींनी आम्हाला विचारले.

कारण गोचीड! गावाकडे गाई-म्हशींच्या कानाला चिकटलेले गोचीड तुमच्या आईबाबांनी नक्की पाहिले असतील. घोड्याचे रक्त पिताना गोचीड त्याच्या अंगात थायलेरिया इक्वी किंवा बबेसिया कॅबॅली हे सूक्ष्म परजीवी सोडू शकतो. ते रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात, तिथे वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. मग ताप, अशक्तपणा, कावीळ, गडद लाल लघवी. काही घोडे दगावतातही.

खरी गोम आहे ती बऱ्या झालेल्या घोड्यात. थायलेरिया त्याच्या रक्तात बहुधा जन्मभर दबा धरून बसतो. आम्हा संगणकवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे: पडद्यावर सारे आलबेल, आत गडबड. त्या घोड्याचे रक्त प्यालेला गोचीड पुढे दुसऱ्या घोड्याला रोग देऊ शकतो.

आपल्या टेक्सासमध्येच हे घडले. अमेरिका 1988 पासून या रोगातून मुक्त समजली जात होती. 2009 साली दक्षिण टेक्सासच्या किंग रँचवर एक घोडी आजारी पडली. मग सगळ्या घोड्यांचे रक्त तपासले, तर 400 हून अधिक बाधित निघाले! बहुतेक दिसायला ठणठणीत. अशा घोड्याला जन्मभर वेगळे ठेवायचे की मारायचे, असा प्रश्न मालकांपुढे असे. इमिडोकार्ब या औषधाच्या मोठ्या मात्रेने पुढे बहुतेकांच्या रक्तातला थायलेरिया गेला. मात्र नेहमीची तपासणी परजीवीला नव्हे, तर त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांना शोधते. त्यामुळे बरा झालेला घोडाही त्यानंतर कित्येक महिने 'बाधित' ठरतो.

भारतात हा रोग जुनाच आहे, म्हणून तिकडच्या घोड्याला इकडे येताना ही तपासणी चुकत नाही.

घोड्यावर बसून तुम्हाला हा रोग होणार नाही. एका घोड्याची सुई दुसऱ्याला टोचली तर मात्र तो घोड्याला होतो, गोचीड नसतानाही. खरारा करताना कान, आयाळीची मुळे आणि शेपटीखालची जागा नीट पाहा. गोचीड दिसला तर स्वतः ओढू नका, तबेल्यातल्या मोठ्यांना हाक मारा.