‘हेलो’ने बाजू बदलली तेव्हा

पीसी आणि कन्सोलच्या चढाओढीतली सर्वांत गाजलेली फोडाफोड ‘हेलो’ची. जुलै १९९९मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्स यांनी हा गेम जगासमोर आणला, तो मॅक आणि विंडोजसाठी. २०००मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी ही कंपनीच विकत घेतली आणि १५ नोव्हेंबर २००१ रोजी ‘हेलो’ मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलसोबत बाजारात आला. ‘हेलो’सारखे गोळीबाराचे गेम माउस-कीबोर्डवरच खेळावेत, असं पीसीवाले ठासून सांगत. बंजीने नेम धरताना खेळाडूला नकळत मदत होईल अशी सोय केली, एका वेळी दोनच शस्त्रं दिली. गेमपॅडवरही हा खेळ रंगला. मॅक आणि पीसीवाल्यांना मात्र २००३पर्यंत थांबावं लागलं. हा त्यांच्यावर अन्यायच होता.