समुद्राच्या तळातले धुरे आणि आपल्या उसाचे पाणी



नागपूरहून अरबी समुद्र दूर आणि बंगालचा उपसागरही दूर. तरी पेंचची धरणे भरतात ती या दोन समुद्रांवरून येणाऱ्या वाऱ्यांमुळेच. धरण किती भरले यावर पुढच्या उन्हाळ्यात उसाला पाण्याच्या किती पाळ्या मिळतील हे ठरते. म्हणून समुद्राचे पाणी कसे फिरते, हे आपणही थोडे समजून घेऊ.

वावरात पाणी सोडले की त्याला मागून रेटा लागतो आणि पुढे वाट लागते. मोटार कितीही मोठी असो, पाणी जाते ते धुऱ्याच्या आणि सरीच्या कलानेच. समुद्रातही वरच्या पाण्याला मुख्य रेटा वाऱ्याचा, आणि वाट दाखवतात किनारा व तळ. यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे पृथ्वीचे फिरणे. त्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकते.

वाऱ्याचे काम

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा आफ्रिकेच्या सोमालिया किनाऱ्याला लागून वाहतो. त्यासरशी तेथील प्रवाह ईशान्येकडे धावतो. त्याचा वेग काही ठिकाणी सेकंदाला दोन मीटरांहून जास्त भरतो. हिवाळ्यात वारा उलटला की हा प्रवाहही उलटतो. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे ढकलले जाते आणि त्याची जागा भरायला खालचे गार पाणी वर येते. तेवढा समुद्र थंड होतो. याच दिवसांत आपले कोकणातले कोळी बांधव होड्या वर ओढून ठेवतात, त्या नारळी पौर्णिमेनंतरच लोटतात.

तळाचे काम

समुद्राचा तळ सपाट नाही बरे का. अरबी समुद्राखाली कार्ल्सबर्ग नावाची डोंगररांग आहे. बंगालच्या उपसागरापासून थेट दक्षिणेकडे सुमारे 5000 किलोमीटर लांबीची दुसरी रांग पसरली आहे. ती 90 अंश पूर्व रेखांशाला धरून असल्याने तिला तेच नाव पडले. दक्षिण ध्रुवाकडचे गार, जड पाणी तळातून सावकाश उत्तरेकडे येते. या रांगा त्याला धुऱ्यासारख्या अडवतात, आणि जिथे खिंड सापडेल तिथूनच ते पलीकडे जाते.

तळाचा धाक वरच्या प्रवाहालाही असतो. फिरत्या पृथ्वीवर मोठा प्रवाह एकदम खोलातून उथळात चढत नाही. समपातळी बांधाच्या रेषेने जावे तसा तो शक्यतो एकाच खोलीने जाऊ पाहतो. अंटार्क्टिकाभोवतीचा प्रवाह वारा हाकतो. त्यातून सेकंदाला 13 कोटी घनमीटरांहून अधिक पाणी वाहते, जगातल्या सगळ्या नद्यांच्या शंभरपट. पण केर्गुएलेन बेटांखालचे समुद्रातले पठार आडवे आले की त्याचा बराचसा भाग वळसा घालून उत्तरेकडून जातो!

आपल्याला काय?

1997 साली पॅसिफिकमध्ये जोरदार एल निनो होता. दुष्काळाची धास्ती होती, पण देशाचा पावसाळा सरासरीच्या 102 टक्के झाला. त्या वर्षी सुमात्राजवळ वाऱ्याने गार पाणी वर आणले होते आणि हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू नेहमीपेक्षा उबदार होती. पाऊस टिकण्याचे हे एक कारण शास्त्रज्ञ मानतात. या स्थितीला 1999 पासून ‘डायपोल’ म्हणतात.

गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून हा अभ्यास करते. तेव्हा पेपरात ‘डायपोल’ हा शब्द दिसला तर पान उलटू नका. अंदाज म्हणजे हमी नव्हे, हे खरे. पण सप्टेंबरअखेर धरणाचा साठा आणि आपल्या विहिरीची पातळी बघूनच लागण किती एकर करायची ते ठरवा. ऊस उभा राहतो बारा महिने. पाऊस मात्र चारच महिन्यांचा.