नदी जवळ, बाग जवळ... पण 'जवळ' म्हणजे नेमकं किती?



पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा. इथे बहुतेक जण विषयावर अडतात असं आपल्याला वाटतं. खरं तर विषय सगळ्यांकडे असतो, अडतं ते शब्दांवर. "ऐतिहासिक शहरातील नदीकाठच्या वस्तीत राहण्याचे नागरिकांच्या जीवनमानावर होणारे परिणाम" असं शीर्षक एका बैठकीत लिहून होतं. ऐकायला भारदस्तही वाटतं. पण समितीतले सर पहिलाच प्रश्न विचारतील, "नदीकाठ म्हणजे किती मीटर?" आणि तिथेच गाडी थांबेल.

म्हणून आज एकच शब्द घेऊ: 'जवळ'. उदाहरण घरचंच, आपलं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. समजा, नालेगाव भागात सीनेच्या अंगाला एक जुनं घर आहे. घर काल्पनिक आहे, पण त्याच्याभोवतीचे नियम आणि जागा खऱ्या आहेत. या घराला नदी जवळ, बाग जवळ आणि निजामशाहीतलं स्मारकही जवळ. आता हे 'जवळ' मोजायचं कसं ते बघू.

आधी शहर समजून घ्या

मोजपट्टी काढण्याआधी जागेचा इतिहास वाचा. शोभेसाठी नाही, तर गृहीतकं तपासण्यासाठी.

शहर कधी वसलं? २८ मे १४९० ला मलिक अहमदने बहमनी फौजेवर विजय मिळवला, आणि शहराचा स्थापना दिन त्याच तारखेला साजरा होतो. जुन्या गॅझेटियरमध्ये मात्र शहर वसवल्याचं साल १४९४ दिलेलं सापडतं. विद्यार्थी गोंधळतात आणि त्यातलं एक साल उचलून मोकळे होतात. तसं करू नका. तुम्ही कोणती घटना मोजताय ते लिहा: लढाई, की प्रत्यक्ष वस्ती? घटना स्पष्ट केली की दोन्ही साल आपापल्या जागी बसतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. "नदी होती म्हणून बागा झाल्या" हे आपण न तपासता लिहून टाकतो. नगरात निजामशाहीच्या काळी पाणी खापरी नळांनी यायचं. कापूरवाडी, वडगाव अशा भोवतालच्या गावांकडून, उंचावरच्या विहिरींमधून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून, फक्त उताराच्या जोरावर. फराहबाग, बेहिश्त बाग या नावाजलेल्या बागा आणि त्यांचे तलाव अशा आणलेल्या पाण्यावर होते. सीना ही पर्जन्यछायेतली नदी, पावसाळा सोडला तर तिच्यात पाणी बेताचंच. आजही शहर पाणी पितं ते मुळा धरणाचं, सीनेचं नाही.

याचा तुमच्या संशोधनाला काय उपयोग? नगरपुरतं तरी 'नदीची जवळीक' आणि 'बागेची जवळीक' ही दोन वेगळी चलं आहेत. एकाच प्रश्नावलीत "नदी व उद्यान परिसर" असा एकच रकाना केलात, तर परिणाम नदीचा की बागेचा हे पुढे कधीच वेगळं काढता येणार नाही.

पहिलं 'जवळ': नदी

नदीपासून ५० मीटर, १०० मीटर, २०० मीटर असे पट्टे आखणं सोपं. जीआयएसमध्ये बफर टाकला की दोन मिनिटांत काम झालं. पण पुराला आडवं अंतर कळत नाही, त्याला उंची कळते. नदीपासून ५० मीटरवरचं पण चढावरचं घर कोरडं राहू शकतं, आणि २०० मीटरवरचं ओढ्याच्या तोंडाशी असलेलं घर पाण्यात जाऊ शकतं.

म्हणून महाराष्ट्रात जलसंपदा खातं पूररेषा आखतं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र.

इथे एक सापळा आहे. "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची २५ वर्षं निवांत, असा होत नाही. दरवर्षी ४ टक्के शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. आता गणित करा. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९६. सलग २० वर्षं न येण्याची शक्यता ०.९६ चा २० वा घात, म्हणजे साधारण ०.४४. म्हणजे २० वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पूर येण्याची शक्यता ५६ टक्के! लाल रेषेवरच्या घरासाठी हाच आकडा १८ टक्के येतो. (यात प्रत्येक वर्ष स्वतंत्र आहे आणि पावसाचं मान बदलत नाही असं धरलंय. हे गृहीतक सिनॉप्सिसमध्ये लिहायला विसरू नका.)

"आमच्या आजोबांच्या काळापासून इथे पाणी आलं नाही" असं घरमालक सांगतील. ते खोटं बोलत नाहीत. न आलेला पूरही या गणितात बसतो. तुमचं काम त्यांना खोटं पाडायचं नाही, त्यांचा अनुभव आणि शक्यता यांतला फरक मांडायचं आहे.

दुसरं 'जवळ': बाग

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने एक सोपा निकष दिलाय: घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे चालत साधारण पाच मिनिटांवर, अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा हवी. निकष छान आहे, पण नगरला लावून बघा म्हणजे गंमत कळेल.

हिरवळ मोजायला आपण उपग्रहाच्या चित्रावरून एनडीव्हीआय काढतो. झाडाचं पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश परावर्तित करतं. त्या फरकावरून उणे १ ते अधिक १ असा आकडा येतो. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात आणि त्यातला एक चौकोन १० मीटरचा असतो. एका वस्तीच्या अभ्यासाला एवढं पुरतं.

पण उपग्रहाला पान दिसतं, फाटक दिसत नाही. भिंगार छावणीचा मोठा हिरवा पट्टा लष्कराच्या ताब्यात आहे. नकाशात तो गर्द हिरवा येईल, पण संध्याकाळी नातवाला घेऊन फिरायला तो सगळा खुला नसतो. उलट सिद्धीबागेसारखं सार्वजनिक उद्यान आकाराने लहान, पण लोक खरोखर वापरतात ते तेच. आणि नदीच्या पात्रात जलपर्णी माजली, काठाला वेडी बाभूळ उगवली, तर एनडीव्हीआय त्यालाही हिरवळच म्हणणार. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी तुमच्या तक्त्यात 'उत्तम पर्यावरण' म्हणून नोंदली जाईल!

म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजा: हिरवळ किती, तिथे जायला मिळतं का, आणि लोक प्रत्यक्ष जातात का. पहिली उपग्रहावरून, दुसरी पायी फिरून, तिसरी लोकांना विचारून.

तिसरं 'जवळ': स्मारक

नालेगावच्या बाजूला सीनेजवळ बागरोजा आहे, अहमद निजामशहाची कबर. नावातच बाग आहे. शहरात दमडी मशीद, कोटला अशा आणखी किती तरी जुन्या वास्तू आहेत. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती कायद्याने पहिले १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. हे अंतर घुमटापासून नाही, संरक्षित जागेच्या हद्दीपासून मोजतात. पर्यटकाला स्मारक जवळ असणं म्हणजे सोय. तिथल्या रहिवाशाला मात्र भिंत दुरुस्त करायची तरी परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

आता आपलं काल्पनिक घर पुन्हा बघा. ते ३०० मीटरच्या निकषात बसतं, म्हणून 'चांगलं'. निळ्या रेषेत येतं, म्हणून 'धोक्याचं'. स्मारकाच्या १०० मीटरमध्ये येतं, म्हणून 'अडकलेलं'. घर एकच, पण तुम्ही कोणतं 'जवळ' निवडता त्यावर निष्कर्ष बदलतो.

मग फायदा होतो हे कसं दाखवायचं?

रॉजर उलरिच यांचा १९८४ चा 'सायन्स'मधला छोटासा निबंध जरूर वाचा. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ च्या नोंदी त्यांनी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग, धूम्रपान अशा बाबी जुळवून २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणाऱ्यांचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवस, भिंत दिसणाऱ्यांचा ८.७० दिवस.

नमुना लहान आहे, पण मांडणी शिकण्यासारखी आहे. खोली रुग्णाने निवडली नव्हती, रिकामी असेल ती मिळत होती. घराचं तसं नसतं. बागेशेजारी राहणाऱ्याची तब्येत बरी असेल, तर बागेमुळे की बागेशेजारी घर परवडण्याइतकं उत्पन्न आहे म्हणून? नदीकाठी राहणारा आजारी असेल, तर नदीमुळे की स्वस्त भाड्यामुळे तिथे यावं लागलं म्हणून? यावर साधा उपाय म्हणजे जोड्या लावणं. घराचा प्रकार, मालक की भाडेकरू, किती वर्षं वास्तव्य, उत्पन्न गट हे जुळवा आणि मग तुलना करा. 'किती वर्षं राहता' हा प्रश्न तर वगळूच नका. तीन पिढ्या राहणारं कुटुंब आणि दोन वर्षांचा भाडेकरू यांची नदी एक नसते.

नकाशा छापण्याआधी

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात जड. तुमचा नकाशा प्रबंधात राहील असं समजू नका. कोणतं घर निळ्या रेषेत येतं हे घरनिहाय छापलंत, तर उद्या त्या घराची किंमत पडू शकते, किंवा कुणाच्या तरी हातात तो पुरावा म्हणून जाऊ शकतो. ज्यांनी तुम्हाला घरात बसवून चहा दिला, त्यांनी यासाठी संमती दिलेली नसते. म्हणून संमतीपत्र मराठीत करा, वाचून दाखवा, घरांचे अक्षांश-रेखांश वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि छापताना आकडे गल्ली किंवा प्रभागाच्या पातळीवर द्या.

आता सुरुवातीचं शीर्षक असं लिहिता येईल: "अहिल्यानगर शहरातील सीना नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत व बाहेर, किमान दहा वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांमध्ये, ३०० मीटरच्या आत वापरण्यायोग्य उद्यान असणे व दैनंदिन चालण्याचे प्रमाण यांतील संबंध." लांब आहे, रुक्षही आहे. पण यातला प्रत्येक शब्द मोजता येतो, आणि समितीने विचारलं "किती मीटर?" तर तुमच्याकडे उत्तर आहे.

या आठवड्यात एवढं करा: तुमच्या विषयाचं शीर्षक कागदावर लिहा, त्यातल्या न मोजता येणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा, आणि त्यातल्या एकाच शब्दाच्या तीन व्याख्या लिहून गाइडकडे जा. चर्चा तिथूनच सुरू होईल.