कुणाचं दिवाळं, कुठला कागद?

सोलापुरातली सगळ्यात गाजलेली आर्थिक पडझड कोर्टाच्या कागदांत शोधायची म्हणून कुणी इथल्या जिल्हा न्यायालयात गेलं, तर त्याला रिकाम्या हाताने परत यावं लागेल. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे गावाच्या तोंडची ‘जुनी मिल’. २७ जुलै १९४९ रोजी संचालकांनी कामगारांना नोटीस दिली आणि बरोबर महिन्याने, २७ ऑगस्टला, गिरणी बंद झाली. ९ जानेवारी १९५० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि पुढे त्याचाच कायदा केला. त्या कायद्यात एक मजेशीर तरतूद होती. केंद्र सरकारची संमती असल्याखेरीज ही कंपनी गुंडाळण्याचा किंवा तिच्यावर रिसीव्हर नेमण्याचा अर्ज देशातल्या कुठल्याही कोर्टात चालणार नव्हता. बुडालेल्या कंपन्या ज्या दाराने आत जातात, त्याला सरकारनेच कुलूप लावलं होतं.

त्यामुळे या पडझडीचे कागद दिल्लीला गेले. एका भागधारकाने वटहुकूम आणि कायद्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर १९५० रोजी फेटाळलं. न्यायमूर्तींमध्ये मतभेद होते, निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. हाच चिरंजीतलाल चौधरी खटला. पुढे द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाच्या खटल्यात, १८ डिसेंबर १९५३ रोजी, न्यायालयाने उलट कौल दिला: भरपाई न देता मालमत्ता ताब्यात घेणं घटनेला धरून नाही. दोन्ही निकाल आज कुणालाही फुकट वाचता येतात, आणि गिरणी कशी बंद पडली याची हकिकत त्यांत नीट तारीखवार दिलेली आहे. सोलापूरच्या औद्योगिक इतिहासावर लिहिणाऱ्यांनी ते जितके वापरायला हवेत तितके वापरलेले मला दिसत नाहीत.

तेव्हा नादारीचा कागद शोधायला निघताना आधी विचारावं, बुडालं कोण? माणूस, कंपनी की सहकारी संस्था? त्यावरून कोर्ट ठरतं आणि कोर्टावरून कपाट.

आधी माणूस घेऊ, कारण या जिल्ह्यात त्याचा इतिहास सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांसाठी केला गेला ते म्हणजे पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं या कायद्याने बंद केलं. जमीन मुद्दाम गहाण लिहून दिलेली नसेल तर तिची जप्तीही थांबवली. शिवाय त्यात नादारीचं एक स्वतंत्र प्रकरण होतं: ज्याचं देणं पन्नास रुपये किंवा जास्त आहे, त्या शेतकऱ्याने आपल्या भागातल्या दुय्यम न्यायाधीशाकडे अर्ज करून नादार ठरवून घ्यावं. एकोणिसाव्या शतकातल्या माढ्याच्या किंवा करमाळ्याच्या कुणब्याला हा हक्क कागदावर मिळाला होता. अर्ज करायला लिहिता-वाचता येणारा माणूस लागायचा, आणि गावात तो पुष्कळदा सावकाराच्याच पेढीवर बसलेला असायचा, ही गोष्ट वेगळी.

आज सोलापूरच्या माणसाला लागू असलेला कायदा १९२० चा आहे, प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. बाकी महाराष्ट्रात हाच. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिच्या कलम २४३ मध्ये हे दोन्ही जुने कायदे रद्द करण्याची तरतूद आहे, पण ते कलम अजून अमलात आणलेलं नाही. व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत स्वतःच्या नावावर आठ-दहा यंत्रमाग चालवणारा टॉवेलवाला संपला, तर त्याच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचा कायदाच आहे. त्याचं दुकान आणि तो, कायद्याच्या नजरेत एकच. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला बांधील.

अशा एखाद्या टॉवेलवाल्याचा अर्ज कल्पनेने समोर ठेवू. देणं पाचशे रुपयांचं झालं आणि फेडता येत नसलं की अर्ज करता येतो. पाचशे हा आकडा १९२० चा आहे, आज तो हास्यास्पद वाटतो. हुकूमनाम्यापायी अटक किंवा मालमत्तेवर जप्ती असेल तरीही अर्जाचा हक्क आहे. जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जायचं. अर्जात सगळ्या धनकोंची नावं-पत्ते आणि रकमा द्यायच्या: सूत देणारा व्यापारी, बँक, पतसंस्था, हातउसने देणारा साडू, सगळे. मग मालमत्तेची यादी किमतीसह, ती कुठे आहे हे सांगून. पूर्वी असा अर्ज केला होता का, तेही लिहायचं. आणि शेवटी, जप्तीतून सूट असलेलं सोडून बाकी सगळं न्यायालयाच्या हवाली करायला तयार आहे, असं जाहीर करायचं.

ही ‘सूट’ म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं. हातमागाला हत्यार म्हणायला कुणाची हरकत नसावी. विजेवर चालणाऱ्या आठ मागांना म्हणायचं का, हा वाद वकिलांना दोन-चार तारखा सहज पुरेल.

धनकोलाही अर्ज करता येतो, पण त्याला ऋणकोचं नादारीचं कृत्य दाखवावं लागतं, म्हणजे माल लपवणं, धनकोंना चुकवून घरातून गायब होणं असं काही, आणि तेही अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांतलं. एकदा नादार ठरवल्याचा हुकूम झाला की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि धनकोंना वेगवेगळे दावे लावून त्याच्या मागे लागता येत नाही. हुकूम राजपत्रात छापला जातो. पुढे ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर सगळं रद्द. मुक्तता मिळाली तरी सरकारचं देणं, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि पोटगी सुटत नाही. हिशेबाच्या वह्या ठेवल्या नसतील तर पूर्ण मुक्तता मिळणंच अवघड. इकडे रोखीत आणि कच्च्या चिठ्ठीवर चालणारा धंदा इथेच अडकतो.

सर्वात खटकणारी गोष्ट मजुरीची. या कायद्याच्या मूळ मजकुरात कामगाराला अग्रक्रमाने मिळणारी मजुरी आहे चार महिन्यांच्या कामाची, आणि तीही एकूण वीस रुपयांपर्यंत. तोच कामगार एखाद्या कंपनीत असता तर २०१६ च्या संहितेत अवसायन सुरू होण्याआधीच्या चोवीस महिन्यांची देणी तारण असलेल्या धनकोंच्या रांगेत बसली असती. मालकाने कंपनी नोंदवली की नाही, यावर मागावरच्या माणसाचं नशीब ठरतं.

आता असा कागद शोधायचा कसा? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, मग सोलापूर, मग न्यायालय संकुल निवडून पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकावं, ‘निकाली’ हा पर्यायही तपासावा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघणं भाग आहे. आपल्याकडच्या तेलुगू पद्मशाली आडनावांची स्पेलिंगं तर कारकुनागणिक बदलतात. प्रकरणाचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक मिळाला की निम्मं काम झालं. संगणक येण्यापूर्वीच्या प्रकरणांसाठी न्यायालयाचं रजिस्टर बघावं लागतं, आणि नक्कल विभागात कोर्ट फीचा स्टॅम्प लावून अर्ज करावा लागतो. तिऱ्हाइताने नक्कल का हवी ते लिहून द्यायचं असतं. जुनी प्रकरणं वर्गवारीप्रमाणे ठरावीक मुदतीनंतर नष्टही होतात. अशा वेळी जुन्या राजपत्रातली सूचना कामाला येते, कारण ती छापील असते.

कंपनी बुडाली असेल तर सोलापूर सोडावं लागतं. प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात चालतं. मार्च २०२० पासून थकबाकीची किमान रक्कम एक कोटी आहे. त्याआधी ती एक लाख होती. माल पुरवणाऱ्याने आधी मागणी नोटीस द्यायची, दहा दिवस थांबायचं, मग अर्ज. शुल्क दोन हजार रुपये. बँकेला पंचवीस हजार. एक कोटीच्या अटीने सोलापूरच्या सूत-व्यापाऱ्याला या दारातून जवळजवळ बाहेरच काढलं आहे. अर्ज दाखल करून घेतला गेला की एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. हीच सूचना दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही सापडते, आणि तिथे शोधणं कोर्टाच्या फायलीपेक्षा सोपं आहे. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पानावर कंपनीचं नाव टाकलं तर ती ‘अवसायनात’ आहे का, हे पैसे न भरता दिसतं. उधारी अडकलेल्या माणसाने सगळ्यात आधी हेच बघावं.

उरली सहकारी संस्था, आणि या जिल्ह्यात उरलेलंच जास्त. तिच्या दिवाळ्याचा कागद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०२ खाली, निबंधकाकडे आणि त्याने नेमलेल्या अवसायकाकडे असतो. सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २२ सप्टेंबर २०२२ रोजी रद्द केला आणि सहकार आयुक्तांना अवसायक नेमायला सांगितलं. ती सूचना रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. पुढची फाइल मात्र सहकार खात्याकडे, आणि ती बघायची तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करावा लागतो. परवाना रद्द झालेल्या कुठल्याही बँकेत पाच लाखांपर्यंतची ठेव विम्यातून मिळते. त्यावरच्या रकमेसाठी अवसायकाकडे लेखी दावा करायचा, पावत्यांच्या झेरॉक्स जोडायच्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.