चष्मा सुटल्यानंतरचे समाधान

लेसर शस्त्रक्रियेनंतर तक्त्यावरील शेवटची ओळ वाचता आली की रुग्ण समाधानी झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या लेसिकविषयक दोन अभ्यासांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांनी दृष्टीबद्दल समाधान व्यक्त केले. मात्र पूर्वी दृष्टीची कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत रुग्णांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलये दिसणे, प्रकाशाने डोळे दिपणे असा एखादा नवा त्रास जाणवत होता. पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू छेदले गेल्याने काहींचे डोळे कोरडेही पडतात. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो. काहींचा टिकून राहतो.

विशेष म्हणजे, डॉक्टरांना प्रत्यक्ष सांगण्यापेक्षा प्रश्नावलीत त्रास नोंदविण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. धर्मादाय रुग्णालयात कृतज्ञतेपोटी हा संकोच अधिकच वाढण्याचा संभव असतो. म्हणून नातेवाइकांना विनंती, की रात्री समोरून वाहन येताना कसे दिसते, हे रुग्णास आवर्जून विचारावे आणि फेरतपासणीच्या वेळी निःसंकोचपणे सांगावे. रुग्णाचे मौन म्हणजे समाधान नव्हे.