सापाच्या पेटीत दिवाळीचा किल्ला

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघे बडोद्याहून लेकीकडे, इंग्लंडात लेस्टरला गेलो. नातीच्या खोलीत एक साप मुक्कामाला आहे, हे तोवर फोनवर कोणी आम्हाला सांगितले नव्हते. कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. केशरी अंग, त्यावर तांबडे ठिपके, लांबी जेमतेम तीन फूट आणि नाव ‘मका’. तिकडे १६ वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकता येत नाही, म्हणून कागदोपत्री मालक जावईबापू. हे साप नीट सांभाळले तर १५-२० वर्षे जगतात हे ऐकून आजी पहिले दोन दिवस त्या खोलीकडे फिरकल्याच नाहीत.

मंडळातल्या बऱ्याच घरांची नातवंडे परदेशी आहेत, आणि ‘आमच्याकडेही आहे हो एक’ असे आता दोघा-तिघांकडून कळले, म्हणून हे लिहितो आहोत. आपल्याकडचा नाग, धामण किंवा अजगर घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा इथे कोणी हौस करू नये.

मक्याची पेटी चार फूट लांब, लाकडी, पुढे सरकत्या काचा. आत भुसा, पाण्याचे भांडे आणि एक प्लॅस्टिकची गुहा. नातीला ती ‘बोअरिंग’ वाटत होती. आम्ही उत्साहाने डोंगरांचे एक रंगीत चित्र छापून आणले आणि पेटीच्या आतून सेलोटेपने चिकटवले. उबेने टेपचे एक टोक रात्रीत सुटले. सकाळी पाहतो तर मका त्याला पोटाशी चिकटलेला आणि सुटायला पिळे देतो आहे. नात रडत टेप ओढायला निघाली होती. लेकीने तिला थांबवून प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अजिबात ओढू नका, स्वयंपाकाचे तेल लावा, गोंद सैल होऊ द्या आणि डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेने हळूहळू सोडवा. पाऊण तास लागला. तीन-चार खवले निघालेच. पुढच्या वेळी कात टाकल्यावर जागा भरून आली, पण तो पाऊण तास आम्ही विसरलेलो नाही. सापाच्या पेटीत चिकटपट्टी कुठेही नको, बाहेरच्या बाजूने चालेल.

त्यानंतर नातीनेच विचारले, “आजोबा, तुम्ही लहानपणी वाड्यात किल्ला करायचात ना? तसा करू या?”

आपला दिवाळीचा किल्ला माती-दगडांचा. इथे तो चालत नाही. साप उकरत खाली शिरतो आणि भुशावर ठेवलेला दगड त्याच्या अंगावर बसतो. जड वस्तू ठेवायचीच तर ती थेट पेटीच्या तळावर टेकलेली हवी, भुसा मागाहून भोवती पसरायचा. आम्ही थर्माकोलचे तुकडे कापून मत्स्यपेटीचे सिलिकॉन लावून जोडले. वर टाइल्सच्या फटींत भरतात ते ग्राउट तीन वेळा फासले, शेवटच्या हातात पाण्यात मिसळणारा बिनविषारी रंग. मग आठवडाभर गच्च वाळवले. वास पूर्ण गेल्याशिवाय आत काही ठेवायचे नाही.

किल्ल्याला दोन गुहा केल्या, एक उबदार टोकाला, एक गार टोकाला. यामागचे कारण आम्हाला फार आवडले. सापाला स्वतःच्या शरीरात ऊब तयार करता येत नाही, तो जागा बदलून ऊब घेतो आणि सोडतो. लपायची जागा एकाच बाजूला असेल तर तो हव्या त्या उबेपेक्षा लपण्याला महत्त्व देतो आणि मग खाल्लेले नीट पचत नाही. उबदार टोक ३० अंशांच्या आसपास, गार टोक २२-२४. दिव्याला थर्मोस्टॅट आणि जाळी हवीच, कारण साप गरम दिव्यालाही वेटोळे घालतो आणि भाजून घेतो. आमचा सर्वांत उंच बुरूज नेमका दिव्याखाली येत होता. माथा तापेल म्हणून तो दुसऱ्या टोकाला हलवला.

गुहा प्रशस्त नको, वेटोळे घातल्यावर अंग भिंतींना टेकेल इतपतच हवी. भोके मात्र जपून. आजींनी (तोवर त्या मक्याशी बोलू लागल्या होत्या) एक छान मातीची कुंडी आडवी ठेवायला आणली. तिच्या बुडाशी पाणी जायचे भोक असते. साप त्यात डोके घालतो, निम्मा आत जातो आणि पोट भरलेले असेल तर अडकतो. भोक बुजवले तेव्हाच कुंडी आत गेली. करवंटीचेही तेच. ती पिल्लाला ठीक, पण तोंड मोठे आणि कडा घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात.

चढायला बागेतली सफरचंदाची जाड फांदी घेतली. औषध न फवारलेली, घासून धुतलेली आणि किडे मरावेत म्हणून मंद ओव्हनमध्ये तासभर तापवलेली. भुसा ॲस्पेनचा. देवदार आणि पाइनचा वास आपल्याला प्रसन्न वाटतो, सापाच्या फुप्फुसांना तो बाधतो. त्याच कारणाने त्या खोलीत उदबत्ती बंद झाली आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही हलल्या. कात टाकायच्या दिवसांत गार गुहेत ओलसर शेवाळ ठेवले की कात एकसंध निघते.

नातीला शिवाजी महाराज आणि मावळे हवेच होते. पण चित्रांच्या टोकदार तलवारी आणि सुटणारा रंग पाहून ते आत ठेवले नाहीत. ते सगळे काचेबाहेर, फळीवर ओळीने उभे आहेत. मका दिवसभर गार टोकाच्या गुहेत असतो. दिवे मालवले की तो बुरुजावर येतो.